पतिपत्नींचा दावा आणि लोकांचा निवाडा

१

नवराबायकोच्या भांडणांत तिऱ्हाइतानें पडूं नये, असें आपल्याकडील जुनीं माणसें सांगत आलीं. ह्या उपदेशांत नुसतें व्यवहारचातुर्य नाहीं. चार भिंतींच्या आंत काय घडलें ह्याचे साक्षीदार बहुधा तीं दोघेंच असतात; आणि तीं दोघें परस्परविरुद्ध बोलूं लागलीं म्हणजे तिसऱ्यास सत्याकडे जाण्याची वाट फार अरुंद उरते, हें त्या उपदेशाचें खरें मर्म आहे. २०२२ सालीं जगानें ह्याच्या नेमकें उलट वर्तन केलें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्जिनिया संस्थानांत एका नामांकित नटानें आपल्या घटस्फोटित पत्नीवर लाविलेला अब्रूनुकसानीचा दावा सुमारें सात आठवडे चालला. तो दूरचित्रवाणीवर व इंटरनेटवर जसाच्या तसा दाखविला गेला, आणि ज्यांचा त्या दोघांशीं कसलाही संबंध नव्हता अशा कोट्यवधि माणसांनीं ज्यूरीच्या आधींच आपला निवाडा देऊन टाकला. लोक असा निवाडा देतात तेव्हां ते वस्तुतः काय करीत असतात, ह्या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या साहाय्यानें करावयाचें येथें योजिलें आहे. प्रकार नवा दिसला तरी त्याचा सांगाडा जुना आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगतों. नट जॉनी डेप व नटी अँबर हर्ड ह्यांचा विवाह फेब्रुवारी २०१५ मध्यें झाला. मे २०१६ मध्यें हर्डबाईंनीं घटस्फोटासाठीं अर्ज केला व पतीच्या मारहाणीपासून संरक्षण मिळावें म्हणून न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. ऑगस्टांत ७० लाख डॉलरांवर तडजोड झाली व जानेवारी २०१७ मध्यें घटस्फोट पुरा झाला. येथपर्यंतचें प्रकरण बव्हंशीं वकिलांच्या कचेरींत मिटलें होतें. तें पुन्हां उघडलें तें दुसऱ्याच दारानें. एप्रिल २०१८ मध्यें लंडनच्या ‘दि सन’ ह्या वृत्तपत्रानें डेप ह्यांचा उल्लेख ‘बायकोला मारणारा’ असा केला, म्हणून डेप ह्यांनीं त्या पत्राच्या मालकांवर अब्रूनुकसानीचा दावा लाविला. त्याच वर्षीं डिसेंबरांत हर्डबाईंनीं ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्यें एक लेख लिहिला. त्यांत डेप ह्यांचें नांव नव्हतें. परंतु घरगुती अत्याचाराविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रीस समाजाचा रोष कसा सोसावा लागतो, हें स्वानुभव म्हणून सांगितलें होतें. त्यावरून डेप ह्यांनीं मार्च २०१९ मध्यें व्हर्जिनियांतील फेअरफॅक्स परगण्याच्या न्यायालयांत ५ कोटी डॉलरांचा दावा केला. हर्डबाईंनीं पुढें १० कोटींचा उलट दावा केला. दोघेंही व्हर्जिनियाचीं रहिवासी नव्हतीं. त्या वृत्तपत्राचा छापखाना व यंत्रें त्या परगण्यांत होतीं, एवढाच धागा.

लंडनचा दावा जुलै २०२० मध्यें न्या. निकोल ह्यांच्यापुढें ज्यूरीवांचून व कॅमेऱ्यावांचून चालला. २ नोव्हेंबर २०२० रोजीं त्यांनीं शेंकडों परिच्छेदांचें निकालपत्र दिलें. वृत्तपत्रानें पुढें मांडलेल्या १४ प्रसंगांपैकीं १२ प्रसंग दिवाणी दाव्यास लागणाऱ्या प्रमाणानें शाबीत झाले असें ठरवून त्यांनीं डेप ह्यांचा दावा फेटाळला, आणि मार्च २०२१ मध्यें अपिलाची परवानगीही नाकारली गेली. फेअरफॅक्सचा दावा ११ एप्रिल २०२२ रोजीं न्या. पेनी अझ्कारेट ह्यांच्यापुढें सात ज्यूररांच्या साहाय्यानें सुरू झाला. १ जून रोजीं ज्यूरीनें हर्डबाईंचीं तीनही विधानें बदनामीकारक ठरवून डेप ह्यांस १ कोटी डॉलर भरपाई व ५० लाख दंडादाखल देवविले. दंडाची रक्कम व्हर्जिनियाच्या कायद्यानें ३ लाख ५० हजारांवर आली. डेप ह्यांच्या एका वकिलानें केलेल्या एका विधानाबद्दल हर्डबाईंसही २० लाख मिळाले.

दोन निकालांत जो विरोध दिसतो त्याचीं कांहीं कारणें कायद्यांत सांपडतात. लंडनांत प्रतिवादी वृत्तपत्र होतें व हर्डबाई केवळ साक्षीदार. फेअरफॅक्सांत त्या स्वतः प्रतिवादी होत्या. पुरावाही तोच व तेवढाच नव्हता. शिवाय इंग्लंडांत आपलें विधान खरें आहे हें दाखविण्याचा बोजा प्रतिवादीवर असतो. अमेरिकेंत विधान खोटें आहे आणि तें जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करतां केलें आहे, हें नामांकित वादीलाच शाबीत करावें लागतें. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें डेप ह्यांची वाट अमेरिकेंत अधिक अवघड होती, आणि ते जिंकले तेथेंच. ह्यांपैकीं कोणता निकाल सत्यास धरून आहे हें सांगण्याचा माझा अधिकार नाहीं व हेतुही नाहीं. मला पाहावयाचें आहे तें त्या तिसऱ्या न्यायालयाकडे, जेथें शपथ नव्हती, उलटतपासणी नव्हती आणि निकालपत्रही नव्हतें.

२

न्यायालयांत कॅमेरे ठेवण्यास हर्डबाईंच्या वकिलांचा विरोध होता. न्यायाधीशांनीं ते ठेवण्यास परवानगी दिली. इमारतीबाहेर आंतील मोजक्या जागांसाठीं लोक रात्रीपासून रांगा लावीत. डेप ह्यांची गाडी आली कीं जयघोष होई, हर्डबाईंची आली कीं हुर्यो. परंतु खरा जमाव तेथें नव्हता. तो जगभर घरोघरीं, हातांतल्या मोबाईलवर होता. दिवसभराच्या साक्षींतून अर्ध्या मिनिटाचे तुकडे कापावे, त्यांस संगीत जोडावें, वर मथळा द्यावा आणि ते एकमेकांस पाठवावे, असा उद्योग अहोरात्र चालला होता. मारहाणीचे प्रसंग सांगतांना हर्डबाई रडल्या, तर त्या रडण्याच्या नकला निघाल्या. उलटतपासणी करणारे वकील नाटकांतल्या नायकासारखे लोकप्रिय झाले. टिकटॉकवर डेप ह्यांस न्याय मिळावा अशा अर्थाच्या घोषवाक्याखालीं ज्या चित्रफिती लोकांनीं पाहिल्या त्यांच्या दर्शनांची गणती अब्जांच्या घरांत गेली. हर्डबाईंच्या बाजूच्या घोषवाक्याची त्या मानानें नगण्य राहिली. आणि हें सर्व पुरावा संपण्याची वाट न पाहतां चालू होतें.

ज्यूररांना बातम्या पाहूं नयेत अशी ताकीद होती, परंतु ते रोज आपापल्या घरीं जात. बाहेरच्या कोलाहलाचा त्यांच्यावर परिणाम झाला असें म्हणण्यास पुरावा नाहीं आणि झाला नाहीं असें म्हणण्यासही नाहीं. ज्यूरीला आपल्या निर्णयाचीं कारणें द्यावीं लागत नाहींत.

त्या दिवसांत कॉलेजांतील मुलामुलींशीं बोलतांना मला एक गोष्ट वारंवार आढळली. कोणत्या दिवशीं कोण हसलें, कोणीं कोणाकडे पाहिलें नाहीं, हें त्यांना तोंडपाठ होतें. ह्याच प्रकरणाचा दोन वर्षांपूर्वीं एका न्यायाधीशानें सकारण निकाल दिला आहे व तो कोणासही वाचतां येतो, ही गोष्ट मात्र बहुतेकांना नवी होती. ह्यांत त्या मुलांचा विशेष दोष नाहीं. त्यांचे आईबापही त्याहून अधिक वाचून बसले होते असें नाहीं.

३

ह्या सर्वाचें खापर कॅमेऱ्यावर फोडण्याकडे विचारी माणसांचाही कल असतो. अमेरिकेंतील न्यायालयांचा इतिहास पाहिला तर ही शंका जुनी असल्याचें दिसतें. १९३५ सालीं न्यू जर्सींत हाउप्टमान ह्याच्यावर लिंडबर्ग ह्या प्रसिद्ध वैमानिकाच्या तान्ह्या मुलाच्या खुनाचा खटला चालला, तेव्हां छायाचित्रकारांनीं असा गोंधळ घातला कीं १९३७ मध्यें तेथील वकिलांच्या राष्ट्रीय संस्थेनें न्यायालयांत कॅमेरा नकोच, असा नियम केला. १९६५ मध्यें एस्टेस ह्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली, ती त्याच्या खटल्यांतील दूरचित्रवाणीमुळें न्याय्य चौकशींत बाध आला म्हणून. पण १९८१ मध्यें त्याच न्यायालयानें कॅमेरा ही गोष्ट मुळांतच घटनाबाह्य नव्हे, असें फ्लॉरिडांतील एका प्रकरणांत ठरविलें. पुढें दहा वर्षांनीं, १९९१ मध्यें, केवळ खटलेच दाखविणारी ‘कोर्ट टीव्ही’ ही वाहिनी निघाली. १९९५ सालीं ओ. जे. सिम्प्सन ह्या प्रख्यात खेळाडूवरील खटला अमेरिकेनें महिनोमहिने पाहिला. घटस्फोट दिलेली पत्नी व तिचा एक मित्र ह्यांच्या खुनाचा त्याच्यावर आरोप होता.

सिम्प्सनच्या खटल्यांत सर्वांनीं तेच चित्र पाहिलें आणि तोच पुरावा ऐकला. तरीही ३ ऑक्टोबर १९९५ रोजीं तो निर्दोषी सुटला तेव्हां कृष्णवर्णीयांपैकीं बहुतेकांस समाधान वाटलें आणि गौरवर्णीयांपैकीं बहुतेकांस संताप आला. डोळ्यांपुढें एकच चित्र असतां निवाडे दोन कसे झाले? ह्याचें कारण चित्रांत नव्हतें, पाहणाऱ्यांच्या पूर्वेतिहासांत होतें. १९९१ मध्यें लॉस एंजल्सच्या पोलिसांनीं रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीयास निर्दयपणें मारलें होतें, आणि १९९२ मध्यें त्या पोलिसांस ज्यूरीनें सोडल्यावर शहरांत मोठी दंगल उसळली होती. कृष्णवर्णीयांच्या मनांत त्या पोलिसांविरुद्धचा जुना दावा पडून होता. सिम्प्सनच्या नांवानें तो चालविला गेला. मेलेल्या स्त्रीची आठवण दोन्हीं पक्षांत कितीजणांना होती, हा प्रश्नच आहे.

मला सांगावयाचें आहे तें हेंच. लोक पक्षकाराचा कैवार घेतात असें आपण म्हणतों, पण पुष्कळ वेळां ते पक्षकाराचें नांव घेऊन आपलाच दावा चालवीत असतात. हें खरें असेल तर कॅमेरा नसतांनाही तसेंच घडलें पाहिजे. म्हणून दोनशें वर्षें मागें, जेथें दिव्यांच्या उजेडांत छापलेला कागद हेंच एकमेव साधन होतें, अशा इंग्लंडांतील एका वैवाहिक प्रकरणाकडे वळूं.

४

इंग्लंडचा युवराज जॉर्ज ह्यानें १७९५ सालीं ब्रन्स्विकच्या कॅरोलाइनशीं विवाह केला. तत्पूर्वीं १७८५ मध्यें त्यानें फिट्झहर्बर्ट नांवाच्या एका विधवेशीं गुप्तपणें लग्न लाविलें होतें, जें कायद्यानें वैध नव्हतें. १७९६ मध्यें राजकन्या झाली आणि त्यानंतर लवकरच पतिपत्नी विभक्त राहूं लागलीं. १८१४ मध्यें कॅरोलाइन युरोपांत निघून गेली. जानेवारी १८२० मध्यें वृद्ध राजा वारला, जॉर्ज गादीवर आला आणि कॅरोलाइन राणी झाली. आपला हक्क सांगण्यासाठीं ती जून १८२० मध्यें इंग्लंडला परतली, तेव्हां राजाच्या आग्रहावरून प्रधानमंडळानें लॉर्डांच्या सभेंत एक बिल आणलें. बार्तोलोमेओ पेर्गामी नांवाच्या आपल्या इटालियन सेवकाशीं तिनें व्यभिचार केला असा आरोप करून तिचा राणीपदाचा किताब काढून घ्यावा व विवाह रद्द करावा, असें त्या बिलाचें स्वरूप होतें. १७ ऑगस्टपासून लॉर्डांच्या सभेचें न्यायालय झालें. इटलीहून आणलेले नोकरचाकर साक्षीस उभे राहिले. अंथरुणें, तंबू, नावेवरील निजण्याची व्यवस्था ह्यांविषयींचे प्रश्नोत्तर दुसऱ्या दिवशीं शब्दशः छापून येत आणि मुलेंबाळें असलेल्या घरांत वाचले जात. माजोकी नांवाचा मुख्य साक्षीदार उलटतपासणींत ‘मला आठवत नाहीं’ एवढेंच पुनःपुन्हां सांगूं लागला, तेव्हां त्याचे ते इटालियन शब्द रस्त्यारस्त्यांतून थट्टेचा विषय झाले. फेअरफॅक्सच्या नकलांचें मूळ हें असें जुनें आहे.

लोक प्रचंड बहुमतानें राणीच्या बाजूचे होते. गांवोगांवाहून तिला मानपत्रें आलीं. हजारों स्त्रियांनीं सह्या केलेलीं मानपत्रें निराळीं. विल्यम होन ह्यानें लिहिलेल्या आणि क्रुकशँक ह्यानें चितारलेल्या उपहासपर पुस्तिकांवर लोकांच्या उड्या पडल्या. ब्रूम व डेन्मन ह्यांनीं राणीची बाजू मोठ्या कौशल्यानें मांडली. १० नोव्हेंबर रोजीं तिसऱ्या वाचनाच्या वेळीं बिलास केवळ नऊ मतांचें आधिक्य मिळालें व मुख्य प्रधान लिव्हरपूल ह्यांनीं तें मागें घेतलें. लंडनांत रोषणाई झाली.

आतां राणी निर्दोष होती म्हणून हें झालें काय? तिचे पुष्कळसे कैवारी खाजगींत तसें मानीत नव्हते. लोकांच्या मनांतील खरा दावा दुसराच होता. १६ ऑगस्ट १८१९ रोजीं मँचेस्टर येथें मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र सभेवर घोडेस्वार घालून सरकारनें माणसें मारलीं होतीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सभा व छापखाने ह्यांचे गळे आवळणारे सहा कायदे केले होते. राजाविरुद्ध बोलण्याची चोरी होती. परंतु राणीचा जयजयकार करणें हा राजद्रोह कसा ठरणार? स्त्रियांना तर त्यांत आणखीही एक गोष्ट दिसली. पुरुषानें स्वतः वाटेल तसें वागावें व बायकोस मात्र त्याच आरोपावरून घालवून द्यावें, ह्या दुटप्पी नीतीचा इतका उघडा दाखला त्यांना दुसरा मिळाला नसता. दोन्हीं दावे योग्यच होते. पण ते कॅरोलाइनचे नव्हते.

ह्याचा पडताळा लवकरच आला. १८२१ च्या आरंभीं राणीनें सरकारनें देऊं केलेला ५० हजार पौंडांचा सालाना तनखा स्वीकारला आणि लोकांचा उत्साह ओसरूं लागला. १९ जुलै १८२१ रोजीं पतीच्या राज्याभिषेकास ती वेस्टमिन्स्टरच्या दारापर्यंत गेली. तिला आंत घेतलें नाहीं, आणि आदल्या वर्षीं तिच्या गाडीमागें धांवणाऱ्या त्याच शहराच्या गर्दींतून तिला हुर्यो ऐकूं आली. ७ ऑगस्ट रोजीं ती मरण पावली. मग १४ तारखेस तिचें प्रेत शहराबाहेरून गुपचूप नेण्याचा सरकारनें घाट घातला, तेव्हां तेच लोक रस्ते अडवून उभे राहिले, सैनिकांच्या गोळ्यांनीं दोघे ठार झाले आणि अंत्ययात्रा त्यांनीं शहरामधूनच नेवविली. राणी मेल्यावर ती पुन्हां त्यांच्या उपयोगाची झाली होती, असें म्हणणें कठोर वाटेल. परंतु घटनांचा क्रम तसाच आहे.

५

आपल्याकडील वाचकांस ह्यावरून एक मराठी नांव आठवल्यावांचून राहणार नाहीं. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी ह्यांच्याशीं झाला. त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत, म्हणून १८८४ सालीं दादाजींनीं मुंबईच्या हायकोर्टांत वैवाहिक हक्काच्या प्रस्थापनेचा दावा लाविला. सप्टेंबर १८८५ मध्यें न्या. पिन्हे ह्यांनीं तो फेटाळला. १८८६ मध्यें अपिलांत प्रकरण परत पाठविलें गेलें. आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्या. फॅरन ह्यांनीं, पतीकडे जावें अथवा सहा महिन्यांचा कारावास पत्करावा, असा हुकूम केला. शेवटीं १८८८ मध्यें दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

त्या चार वर्षांत महाराष्ट्रांतलें क्वचितच एखादें वृत्तपत्र गप्प बसलें असेल. मलबारींसारख्या सुधारकांना तींत बालविवाहाचा दुष्परिणाम दिसला. टिळकांसारख्यांना धर्मशास्त्रांत परकीयांचा हात शिरतांना दिसला. गंमत अशी कीं, ज्या उपायाचा धर्मरक्षक पुरस्कार करीत होते तो मुळीं इंग्लंडच्या चर्चन्यायालयांतून आलेला होता, हिंदु धर्मशास्त्रांत तो नव्हता. आणि असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगांत घालण्याची तरतूद खुद्द इंग्लंडनें १८८४ मध्यें काढून टाकली होती. पण भावनेचा वाद असल्या तपशिलावर अडत नाहीं. स्वराज्य व सुधारणा ह्यांचा जो मोठा दावा देशापुढें होता तो रखमाबाई आणि दादाजी ह्या दोन नांवांनीं चालला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दुसरें रण माजलें तेव्हां हीं दोन्हीं नांवें मागें पडलीं.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. रखमाबाई केवळ लोकांच्या हातचें बाहुलें झाल्या नाहींत. १८८५ मध्यें ‘एक हिंदु स्त्री’ ह्या सहीनें ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रें लिहून त्यांनीं आपली बाजू स्वतः मांडली, तींतही स्वतःचें गाऱ्हाणें बालविवाहाच्या सामान्य प्रश्नाच्या आड ठेवून. लोकांना विचार करावयास त्यांनीं युक्तिवाद दिला, चेहरा दिला नाहीं. त्यानंतर लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली. प्रसिद्धीनें त्यांना ताप दिला तसा आधारही दिला, हें नाकबूल करतां येणार नाहीं.

६

तेव्हां सर्व वैवाहिक दावे बंद दाराआड चालवावे, म्हणजे प्रश्न मिटला, असें म्हणावें काय? इंग्लंडांत हा प्रयोग झालेला आहे. १८५७ च्या कायद्यानें घटस्फोटाचें न्यायालय स्थापन होतांच वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने तेथील साक्षींनीं भरूं लागले. दोनच वर्षांनीं व्हिक्टोरिया राणीनें लॉर्ड चॅन्सेलरकडे ह्याबद्दल तक्रार केली. पुढें १९२० नंतरच्या रसेल प्रकरणांतील किळसवाण्या तपशिलानंतर १९२६ मध्यें असे वृत्तान्त छापण्यावर कायद्यानें निर्बंध आला. आपल्याकडेही हिंदु विवाह कायद्याच्या २२ व्या कलमांत १९७६ सालीं दुरुस्ती होऊन अशीं प्रकरणें बंद दालनांत चालविणें आवश्यक झालें. २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कामकाजाच्या थेट प्रक्षेपणास मान्यता दिली व सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाचें कामकाज लोकांना घरबसल्या दिसूं लागलें. परंतु त्यासाठीं २०२१ मध्यें तयार झालेल्या आदर्श नियमांत वैवाहिक प्रकरणें वगळलेलीं आहेत. हें योग्यच झालें. मात्र डेप व हर्ड ह्यांचें भांडण घटस्फोटाच्या दारानें बाहेर आलेंच नव्हतें. तें अब्रूनुकसानीच्या दारानें आलें, आणि तें दार इंग्लंडांत, अमेरिकेंत व आपल्या देशांतही उघडेंच आहे. तें लावून घेणेंही धोक्याचें होईल, कारण गुप्त न्यायालयाची आठवण कोणत्याही देशांत चांगली नाहीं.

न्याय उघड्यावर व्हावा ह्याचा बेंथॅमइतका हिरिरीनें पुरस्कार दुसऱ्या कोणीं केला नसेल. साक्षीदारास खोटें बोलतांना भय वाटावें, हा एक लाभ त्यानें सांगितला आहे; परंतु त्याचा मुख्य रोख न्यायाधीशावर होता. दुसऱ्याचा न्याय करीत असतां न्यायाधीश स्वतःही लोकांपुढें कसोटीस उभा असावा, हें त्याचें तत्त्व. म्हणजे प्रेक्षकांचे डोळे न्यायासनाकडे लागलेले असावे अशी ती कल्पना होती. फेअरफॅक्सांत ते फिरून साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे लागले. न्यायाधीशांनीं कोणता पुरावा घेतला व कोणता नाकारला, बोजा कोणावर होता, हें पाहणारे थोडे. तिच्या डोळ्यांत खरें पाणी होतें कीं नाहीं, तो हसला तें सरळपणानें कीं उर्मटपणानें, हें पाहणारे अगणित. कॅमेऱ्यानें नवी भर घातली असेल तर ती ही होय. १८२० चा वाचक निदान प्रश्नोत्तर वाचीत होता. राणीनें स्वतः साक्ष दिली नव्हती, तेव्हां तिच्या मुद्रेवरून निकाल काढण्याची सोय त्यास नव्हती. २०२२ च्या प्रेक्षकाला आपण स्वतः पाहिलें असें वाटलें. आणि स्वतः पाहिलें असें ज्यास वाटतें त्यास पुराव्याची गरज उरत नाहीं. दुःखांत माणसानें कसें दिसावें ह्याबद्दल प्रत्येकाची एक ठरीव समजूत असते, आणि नाटकें व चित्रपट पाहून ती बनलेली असते. दोन्हीं पक्षकार अभिनयानेंच पोट भरणारे होते, म्हणून ह्या कसोटीचा फोलपणा येथें अधिकच उघड व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत ती अधिकच जोरानें लाविली गेली.

आणि हा दावा कोणाचा होता? ऑक्टोबर २०१७ पासून चित्रपटसृष्टींतील व इतर क्षेत्रांतील प्रबळ पुरुषांविरुद्ध स्त्रिया उघड बोलूं लागल्या होत्या. त्या चळवळीनें कित्येकांस धीर दिला, तसा कित्येकांच्या मनांत राग व भयही सांठवलें. पुरुषावरही घरांत अत्याचार होतो व त्याचें कोणी ऐकत नाहीं, ही तक्रार खोटी नाहीं. तिला येथें एक प्रसिद्ध चेहरा मिळाला. बोलणाऱ्या स्त्रीवर विश्वास ठेवावा, ह्या मागणीलाही दुसरा चेहरा मिळाला. नटाचे जुने भक्त होते, आणि लोकांच्या कुतूहलावर पैसा मिळविणारेही होते. हे इतके दावे एका जोडप्याच्या नांवावर चालले. नोव्हेंबर २०२२ मध्यें शंभरांहून अधिक संस्था व व्यक्तींनीं हर्डबाईंच्या बाजूनें जाहीर पत्र काढलें, म्हणजे वारें थोडें फिरलेंही. डिसेंबरांत हर्डबाईंनीं अपील सोडून तडजोड केली. त्यांच्या विमा कंपनीकडून डेप ह्यांस १० लाख डॉलर मिळावयाचे ठरले. न्यायालयाच्या निकालावर निदान अपील करतां येत होतें. लोकांच्या निवाड्यावर तें कोठें करावयाचें?

ह्या निवाड्याची झळ केवळ त्या दोघांस लागली असती तर फारशी चिंता नव्हती; दोघेंही श्रीमंत व सावरण्यास समर्थ होतीं. परंतु ज्या असंख्य घरांत त्या नकला पाहून मंडळी हसत होती, त्यांतील कांहीं घरांत अशी एखादी व्यक्ति बसलेली असेलच कीं जिच्यावर कोणीतरी हात टाकतो आणि जिनें तें अद्याप कोणास सांगितलें नाहीं. ती स्त्री असेल, क्वचित् पुरुषही असेल. डेप खरे कीं हर्डबाई खऱ्या, हें तिला त्या चित्रफितींवरून कळलें नाहीं. बोलणाऱ्या माणसाचें काय होतें, तें मात्र तिला आपल्याच माणसांच्या हसण्यावरून कळलें. हसणारांपैकीं कोणालाही तें शिकवावयाचें नव्हतें. म्हणून पुढच्या वेळीं असा दावा आपल्या दिवाणखान्यांत येईल, तेव्हां प्रत्येकानें एवढें तरी स्वतःला विचारावें कीं आपण जें बोलत आहों तें त्या दोघांविषयीं आहे कीं आपल्या मनांतील एखाद्या जुन्या हिशोबाविषयीं. आणि उत्तर दुसरें येत असेल, तर तो हिशोब आपल्याच नांवानें मांडावा.